संसदेचं डिजिटल ग्रंथालय: पुण्याच्या माजी खासदाराची कारकीर्द शोधताना

पुण्याच्या माजी खासदारांविषयी ठाम मतं असणारे लोक पेठेपेठेत सापडतात. त्यांची संसदेतली भाषणं मुळातून वाचलेले मात्र फार थोडे, आणि त्यात लोकांचा दोष नाही. लोकसभेच्या कामकाजाचे जाडजूड बांधीव खंड मोजक्या ग्रंथालयांत असायचे. सगळे खंड एका जागी मिळतीलच याची खात्री नसायची. सूची पाहून हवं ते पान काढण्यात अख्खी दुपार जायची. आता हे खंड स्कॅन होऊन लोकसभा सचिवालयाच्या ‘पार्लमेंट डिजिटल लायब्ररी’त आले आहेत. नोंदणी नाही, शुल्क नाही, पीडीएफ उतरवून घ्यायला मनाई नाही. एखाद्या माजी खासदाराची कारकीर्द तपासायला ही सेवा कितपत कामाची, एवढ्याच अंगानं हे परीक्षण केलं आहे.

निकाल आधीच सांगतो. साठा अव्वल दर्जाचा आहे, शोधयंत्रणा कामचलाऊ आहे, आणि सदस्याच्या नावाचं जे पान आपण सगळ्यांत आधी उघडतो ते सगळ्यांत कमी उपयोगाचं आहे. तारीख, सभागृह आणि त्या दिवशी तो माणूस कोणत्या पदावर होता, या तीन गोष्टी हाताशी ठेवून गेलात तर इथे जे मिळतं ते दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. नुसतं नाव टाकून शोधलंत तर अर्धवट चित्र हाती येईल, आणि ते अर्धवट आहे हे कळणारही नाही.

कसोटीसाठी मोहन धारियांची कारकीर्द घेतली आहे, कारण अशा सेवेला पेचात पकडणारं सगळं तिच्यात आहे. महाड तालुक्यातल्या नाते गावी १४ फेब्रुवारी १९२५ चा जन्म. १९६४ ते १९७१ राज्यसभा. १९७१ मध्ये काँग्रेसकडून आणि १९७७ मध्ये जनता पक्षाकडून पुण्याचे लोकसभा सदस्य. इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री, आधी नियोजन आणि मग बांधकाम व गृहनिर्माण. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करावीत ही भूमिका उघडपणे घेतल्यामुळे मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद गेलं. आणीबाणीत तुरुंगवास. मोरारजी देसाईंच्या सरकारात १९७७ ते १९७९ व्यापार, नागरी पुरवठा व सहकार मंत्री. चंद्रशेखर पंतप्रधान असताना नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. २००५ मध्ये पद्मविभूषण. १४ ऑक्टोबर २०१३ रोजी पुण्यात निधन. दोन सभागृहं, दोन पक्ष, सत्ताधारी बाक आणि विरोधी बाक, मंत्री आणि साधा सदस्य, असं सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं.

संसदेच्या संकेतस्थळावर माजी सदस्यांची यादी आहे. तिथे लोकसभेचा क्रमांक आणि राज्य निवडता येतं, आणि नावं आडनावापासून लावलेली आहेत. सदस्याच्या पानावर पक्ष, मतदारसंघ, जन्मतारीख, शिक्षण, भूषवलेली पदं आणि समित्या असा मजकूर असतो. अलीकडच्या सदस्यांची पानं भरगच्च आहेत, जुन्या लोकसभांच्या सदस्यांची त्रोटक. हा मजकूर बव्हंशी त्या सदस्यानंच भरून दिलेल्या माहितीवर बेतलेला असतो. म्हणजे कोणत्या वर्षी कुठून निवडून आले हे तिथून निर्धास्त घ्यावं, ‘विशेष आवड’ आणि ‘सामाजिक कार्य’ या रकान्यांना परिचयापलीकडे वजन देऊ नये. शिवाय हे पान लोकसभेपुरतं पाहतं. धारियांची राज्यसभेतली सात वर्षं पाहायची तर राज्यसभेच्या वेगळ्या यादीत आणि राज्यसभेच्या वेगळ्या चर्चासंग्रहात जावं लागतं. एकाच माणसाची कारकीर्द दोन कपाटांत विभागलेली आहे आणि एका कपाटावर दुसऱ्याची चिठ्ठी नाही. या सेवेतली ही सगळ्यांत मोठी उणीव आहे.

म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कागदावर चार रकाने आखावेत: कधीपासून कधीपर्यंत, कोणतं सभागृह, कोणतं पद, आणि बाक सत्ताधारी की विरोधी. धारियांसाठी पहिली ओळ १९६४ ते १९७१, राज्यसभा, साधा सदस्य, सत्ताधारी. मग पाचवी लोकसभा (१९७१ ते १९७७), आणि तिचे दोन तुकडे: मार्च १९७५ पर्यंत मंत्री, त्यानंतर मंत्रिपद नसलेला आणि सरकारच्या विरोधात उभा ठाकलेला सदस्य. मग सहावी लोकसभा (१९७७ ते १९७९), मंत्री. हा कागद बनवायला फार वेळ लागत नाही, पण तो नसेल तर पुढचं सगळं चुकतं.

कसं चुकतं ते प्रश्नोत्तरांत लगेच दिसतं. संसदीय कामगिरी मोजताना हल्ली ‘किती प्रश्न विचारले’ हा आकडा पहिल्यांदा फेकला जातो. पण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. प्रश्नकर्त्याच्या नावानं सहाव्या लोकसभेत धारियांना शोधलंत तर हाती काही लागणार नाही. त्याच काळात मंत्रालयाच्या नावानं शोधलंत तर त्या खात्याच्या उत्तरांचा ढीग समोर येतो. तिथेही उत्तराच्या डोक्यावरची ओळ वाचायलाच हवी, कारण खात्याच्या वतीनं राज्यमंत्रीही उत्तर देतात. त्या काळात आरिफ बेग व्यापार खात्याचे राज्यमंत्री होते, त्यांनी दिलेलं उत्तर धारियांच्या खाती जमा करू नये. हजेरीचंही तेच. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे मंत्री असलेल्या काळाचा हजेरीचा आकडा मुळातच नसतो. तो रिकामा रकाना म्हणजे गैरहजेरी नव्हे.

साध्या सदस्याच्या प्रश्नांचा आकडाही जपून वाचावा. लोकसभेत एका दिवसाला तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, २३० पर्यंत लागतात. आलेल्या सूचनांचा क्रम सोडतीनं ठरतो, त्यामुळे किती प्रश्न यादीत आले यात नशिबाचाही भाग असतो. एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या तर त्या एकत्र करून सगळ्यांची नावं एकाच प्रश्नावर घातली जातात. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि पुरवणी प्रश्न विचारता येतो, पण अकरा ते बारा या तासात वीसपैकी थोडेच प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची लेखी उत्तरं छापली जातात. खासदाराला विषय किती कळला होता हे पुरवणी प्रश्नात दिसतं. मूळ प्रश्न कार्यालयातला सहायकही लिहून देऊ शकतो, पुरवणी प्रश्न उभं राहून मंत्र्याच्या उत्तरावर लगेच विचारावा लागतो. वाचायला वेळ थोडा असेल तर अतारांकित प्रश्न बाजूला ठेवा आणि पुरवण्या वाचा.

आता प्रत्यक्ष शोधाकडे. कामकाजाचे दोन भाग असतात: पहिल्यात प्रश्नोत्तरं, दुसऱ्यात बाकी सगळं. भाषण हवं असेल तर दुसरा भाग. नाव रोमन लिपीत टाकावं लागतं आणि स्पेलिंगनं सगळ्यांत जास्त घोळ होतो. नानासाहेब गोरे १९५७ मध्ये पुण्यातून निवडून आले. त्यांच्या आडनावाचं रोमन स्पेलिंग शेवटी ‘ए-वाय’ असं आहे. आपण सवयीनं ‘ई’ लावून शोधलं की ते गायब. पुणे हा शब्दही जुन्या खंडांत ‘पूना’ असाच आहे. इंग्रजी स्पेलिंग १९७८ च्या सुमारास बदललं, त्यामुळे त्याआधीचं काही हवं असेल तर ‘पूना’ टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरं यंत्रानं ओळखलेली आहेत. कागद पिवळा, छपाई दोन कॉलमांत आणि टाइप बारीक, त्यामुळे ‘धारिया’च्या स्पेलिंगमधली ‘आर’ आणि ‘आय’ ही जोडगोळी यंत्राला ‘एन’ वाटू शकते. शोधात काहीच आलं नाही म्हणजे तो माणूस बोललाच नाही, असा अर्थ कधीही काढू नये. तारीख माहीत असेल तर नावानं शोधण्याऐवजी त्या दिवसाची फाइल उघडून सुरुवातीची विषयसूची वाचावी, हा खात्रीचा मार्ग.

जुन्या खंडांत संदर्भ पानाचा नसतो, कॉलमचा असतो. एका पानावर दोन कॉलम, दोघांना वेगळे क्रमांक. विषयसूचीत दिलेला आकडा पीडीएफच्या पान क्रमांकाशी जुळत नाही म्हणून गोंधळू नये. सूचीतल्या कॉलमच्या आकड्याला दोननं भागावं, त्या सुमाराच्या पानावर जावं आणि पुढेमागे सरकावं. अनेक पानांच्या डोक्यावर इंग्रजी तारखेच्या जोडीला शकाची तारीख छापलेली दिसेल. ही राष्ट्रीय सौर दिनदर्शिका आहे, पंचांगातली तिथी नव्हे. २१ जुलै १९७५ ही तिथे ‘आषाढ ३०, १८९७’ अशी येते. आषाढात तीस तारीख पाहून छपाईची चूक समजू नका.

ही २१ जुलै १९७५ तारीख मुद्दाम घेतली. आणीबाणी लागल्यानंतरचं पहिलं अधिवेशन त्या दिवशी सुरू झालं. सरकारनं प्रश्नोत्तराचा तासच स्थगित केला आणि फक्त सरकारी कामकाज होईल असं ठरवून घेतलं. त्यामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा शोध घेण्यात अर्थ नाही, आणि कोणत्याही खासदाराचे त्या काळातले प्रश्न शून्य दिसले तर त्याचं कारण हे आहे. दुसऱ्या भागात मात्र आणीबाणीच्या घोषणेला मान्यता देण्याच्या ठरावावरची चर्चा आहे. त्या चर्चेत धारिया आणीबाणीच्या विरोधात बोलले. चार महिन्यांपूर्वी ते याच सरकारात मंत्री होते, आणि पाठीशी पक्ष नव्हता. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असल्यामुळे पुण्यात दुसऱ्या दिवशी ते भाषण कुणाला वाचायला मिळणं शक्य नव्हतं. ज्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं त्यांच्यापासून जे दडवलं गेलं, ते आज सदाशिव पेठेतल्या कुणालाही मोबाइलवर वाचता येतं. या एका गोष्टीसाठी या सेवेचे बाकीचे दोष माफ करायला आम्ही तयार आहोत. ती पानं वाचताना समोरच्या बाकांवरून आलेले अडथळेही वाचा. ते कंसात किंवा वेगळ्या ओळीत छापलेले असतात आणि सभागृहातला ताण तिथेच कळतो.

मंत्रिपद का गेलं हे शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. लोकसभेच्या नियम १९९ प्रमाणे राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीनं सभागृहात वैयक्तिक निवेदन करता येतं. मंत्रिपद सुटलेल्या कोणत्याही माजी खासदाराबद्दल शोधताना त्यानंतरच्या आठवड्याभराच्या फायली या नजरेनं चाळाव्यात. धारियांच्या बाबतीत मार्च १९७५ चे पहिले दिवस.

मतदानाच्या नोंदी हा या साठ्याचा दुसरा खजिना, आणि बहुतेक लोक तिकडे फिरकतच नाहीत. बरेचसे निर्णय आवाजी मतदानानं होतात, त्यात नावं नसतात. पण घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतविभाजन होतं आणि बाजूनं कोण, विरोधात कोण याची नावानिशी यादी छापली जाते. माजी खासदाराची मतं पाहायची तर सुरुवात घटनादुरुस्तीच्या विधेयकांपासून करावी.

उदाहरण संस्थानिकांच्या तनख्यांचं, म्हणजे माजी संस्थानिकांना सरकारकडून दरवर्षी मिळणाऱ्या रकमेचं. तनखे रद्द करणारं विधेयक लोकसभेत २ सप्टेंबर १९७० रोजी मंजूर झालं, तेव्हा पुण्याचे खासदार एस. एम. जोशी होते. ५ सप्टेंबरला ते राज्यसभेत आलं. तिथे धारिया सदस्य होते. बाजूनं १४९, विरोधात ७५. एकूण २२४ मतांचे दोन तृतीयांश म्हणजे १४९ आणि वर एक तृतीयांश, म्हणजे प्रत्यक्षात १५० हवे होते. विधेयक पडलं. एका मतानं इतिहास कसा वळतो हे त्या यादीतल्या नावांवरून बोट फिरवताना जेवढं जाणवतं तेवढं कुठल्याही लेखातून जाणवत नाही. यादी पाहताना खालची टीपही वाचा. यंत्रानं नोंदवलेल्या आकड्यांनंतर चिठ्ठीनं मत दिलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या सदस्यांची नावं अनेकदा तिथे वेगळी दिलेली असतात, आणि ती नजरेआड झाली की ‘अमुक माणूस गैरहजर होता’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. १९७० चं ते विधेयक ‘चोविसावी घटनादुरुस्ती’ या नावानं होतं. ते पडल्यामुळे तो क्रमांक मोकळा राहिला आणि १९७१ मध्ये संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दलच्या वेगळ्याच दुरुस्तीला मिळाला. तनखे प्रत्यक्षात गेले ते १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीनं. शोधात ‘चोविसावी’ टाकलं की दोन्ही एकत्र येतात, वर्ष पाहिल्याशिवाय उघडू नये. तोवर धारिया लोकसभेत राज्यमंत्री म्हणून आलेले होते. म्हणजे एकाच विषयावर त्याच माणसाची नोंद १९७० ला एका संग्रहात आणि १९७१ ला दुसऱ्या संग्रहात.

मतांचा अर्थ लावताना १९८५ ही रेघ लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ लागलं. त्याआधीच्या यादीतलं मत त्या माणसाविषयी बरंच सांगतं. त्यानंतरचं मत मुख्यतः पक्षाविषयी सांगतं. १९८५ नंतरच्या खासदारांच्या बाबतीत मतदानाच्या यादीपेक्षा भाषण आणि खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं विधेयक) यांनाच जास्त किंमत द्यावी.

तनख्यांच्याच गोष्टीत या सेवेची मर्यादाही दिसते. जून १९६७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत तनखे आणि संस्थानिकांचे विशेषाधिकार दोन्ही रद्द करावेत अशी दुरुस्ती धारियांनी मांडली आणि ती मंजूर झाली. त्यांच्या राजकारणातलं हे फार मोठं पाऊल, पण पडलं ते पक्षाच्या बैठकीत. संसदेच्या खंडांत त्याचे पडसाद सापडतील, मूळ प्रसंग सापडणार नाही. संसदीय समित्यांचंही तसंच: अहवाल मिळतात, पण बैठकीतली चर्चा सभागृहासारखी शब्दशः प्रसिद्ध होत नाही. नियोजन आयोगाचं काम, त्यांनी स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेच्या माध्यमातून केलेलं पाणलोटाचं आणि वृक्षलागवडीचं काम या ग्रंथालयाच्या कक्षेबाहेरच राहतं.

पुण्याच्या बाबतीत आडनावांची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल सावध करायलाच हवं. ‘गाडगीळ’ टाकलंत तर तिघे समोर येतात. नरहर विष्णू म्हणजे काकासाहेब: नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री, १९५२ मध्ये पुण्यातून निवडून आलेले. विठ्ठल नरहर, त्यांचे चिरंजीव: १९८०, १९८४ आणि १९८९ मध्ये पुण्यातून लोकसभेवर, त्याआधी राज्यसभेत. आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव: १९६६-६७ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य, त्यानंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. रोमन आद्याक्षरं अनुक्रमे ‘एन. व्ही.’, ‘व्ही. एन.’ आणि ‘डी. आर.’. पहिल्या दोघांची अक्षरं उलटसुलट आहेत, म्हणून घाईत बाप-लेकांची अदलाबदल ठरलेलीच. ‘जोशी’ म्हटलं की एस. एम. आणि १९९१ मध्ये निवडून आलेले अण्णा जोशी. शिवाय चौथ्या लोकसभेत (१९६७ ते १९७०) एसेमबरोबरच भोपाळचे जगन्नाथराव जोशीही होते. आद्याक्षर आणि लोकसभेचा क्रमांक दोन्ही जुळल्याशिवाय काहीही उतरवून घेऊ नका. शंकरराव मोरे यांच्या बाबतीत वेगळी गंमत आहे. १९६२ मध्ये ते काँग्रेसकडून पुण्याचे खासदार झाले, पण १९५२ मध्ये ते शेतकरी कामगार पक्षाकडून सोलापूरहून लोकसभेत होते. मतदारसंघ ‘पुणे’ असा चाळणीला लावलात तर पहिली पाच वर्षं गळून जातात.

काकासाहेबांच्या वाटेनं जाणाऱ्यांनी नावं बदलत गेलेली संस्थाही ओळखून असावी. १९४७ नंतरचं त्यांचं मंत्री म्हणून बोलणं संविधान सभेच्या कायदेमंडळ शाखेच्या खंडांत आहे, १९५० ते ५२ हंगामी संसदेच्या, आणि १९५२ नंतर ‘हाउस ऑफ द पीपल’च्या. ‘लोकसभा’ हे नाव १९५४ मध्ये आलं. ग्रंथालयात हे कप्पे वेगवेगळे आहेत.

भाषणाची भाषा हा मुद्दा मराठी वाचकाला जवळचा. जुन्या खंडांच्या मूळ प्रतीत हिंदी भाषण देवनागरीत आणि इंग्रजी भाषण रोमनमध्ये असतं, तर इंग्रजी प्रतीत सगळं इंग्रजीत आणलेलं. ‘ते संसदेत असं म्हणाले’ म्हणून उद्धृत करणार असाल तर मूळ प्रत पाहा, अनुवादावरून पुन्हा मराठी अनुवाद करू नका. जिथे तारकांच्या ओळी दिसतील तिथे अध्यक्षांनी नियम ३८० खाली शब्द कामकाजातून काढले आहेत किंवा परवानगीवाचून बोललेलं नोंदवलेलं नाही. अलीकडच्या काळात भाषण ‘पटलावर ठेवलं’ अशी नोंद असेल तर ते प्रत्यक्ष बोललं गेलेलं नाही, लेखी दिलेलं आहे. हा फरक खालच्या बारीक टीपेतच कळतो.

२००९ नंतरच्या खासदारांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं पान जास्त सोपं आहे. हजेरी, प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं, सोबत देशाची आणि राज्याची सरासरी. जलद आढावा हवा तर तिथे जावं, मग भाषण वाचायला संसदेच्या ग्रंथालयात यावं. सरासरीशी तुलना करताना कार्यकाळ पूर्ण होता का हे पाहावं. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं आणि पोटनिवडणूक न झाल्यानं पुण्याची जागा २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली. त्या काळात ‘पुणे’ या शब्दावर जे प्रश्न सापडतात ते बारामती, शिरूर, मावळ किंवा आणखी कुठल्या खासदारांचे. उमेदवारीच्या वेळची मालमत्ता आणि खटले यांची प्रतिज्ञापत्रं २००४ च्या निवडणुकीपासून मिळतात. त्याआधीच्या खासदारांसाठी ती शोधू नयेत, तेव्हा हा नियमच नव्हता.

खासदार निधीचंही तसंच. योजना सुरू झाली डिसेंबर १९९३ मध्ये, म्हणून गोरे, एसेम किंवा धारिया यांच्या नावावर एकही बाक, बसथांबा किंवा समाजमंदिर दिसत नाही, आणि त्यावरून त्यांनी मतदारसंघासाठी काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. पहिल्या वर्षी ५ लाख, मग १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी, असा हा आकडा वाढत गेला. वेगवेगळ्या काळातल्या खासदारांची रुपयांत तुलना करण्यात अर्थ नाही. जुन्या कामांची यादी हवी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन शाखेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राच्या नियमांत बसतं. ‘सर्व कामांची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. आर्थिक वर्ष, कामाचं नाव, मंजूर रक्कम आणि खर्च झालेली रक्कम असं नेमकं मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

या सेवेच्या जोडीला पुण्यातलं ग्रंथालय लागतंच. सरकारी प्रकाशनांसाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींसाठी ‘केसरी’, ‘सकाळ’ यांचे संग्रह. बाहेरच्या वाचकाला प्रवेश कधी आणि कसा, हे जाण्याआधी फोन करून विचारून घ्यावं. काम असं वाटून घ्यावं: वर्तमानपत्रातून तारीख काढायची, त्या तारखेनं डिजिटल ग्रंथालयातली फाइल उघडायची. उलट्या दिशेनं गेलं की वेळ वाया जातो.

दोषांची यादी सचिवालयानं मनावर घ्यावी अशी आहे. दोन्ही सभागृहांतली एकाच व्यक्तीची पानं एकमेकांना जोडलेली हवीत. नावाची पर्यायी स्पेलिंगं आतल्या आत ओळखली जायला हवीत. स्कॅनची अक्षरओळख नव्यानं व्हायला हवी, निदान विषयसूचीच्या पानांची तरी. पत्ते बदलले की जुने दुवे मरतात, म्हणून लेखात दुवा देऊन थांबू नका. लोकसभा क्रमांक, अधिवेशन, तारीख आणि कॉलम क्रमांक लिहा, म्हणजे दुवा गेला तरी कुणालाही ते पान पुन्हा काढता येईल. फायली मोठ्या आहेत, मोबाइल डेटावर उघडण्याऐवजी वायफायवर उतरवून ठेवाव्यात, आणि उतरवताना फाइलला तारखेचं नाव द्यावं, कारण मूळ नाव नुसते आकडे असतात.

वेळ अगदीच नसेल तर श्रद्धांजलीचा उल्लेख शोधावा. माजी सदस्याचं निधन झाल्यावर पुढच्या अधिवेशनाच्या सुरुवातीच्या दिवसांत सभागृहात त्याचा उल्लेख होतो, आणि त्यात मतदारसंघ, कोणत्या लोकसभा, कोणती पदं हे सचिवालयानं तपासलेल्या स्वरूपात चारसहा ओळींत मिळतं. वर सांगितलेला चार रकान्यांचा कागद भरायला तेवढं पुरतं.